जुन्या काउबॉय फोटोंमधली बंदूक कशी ओळखायची (पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी)

अमेरिकेच्या पश्चिमेकडचे जुने फोटो बघणारे, जमवणारे आपल्यातही आता बरेच झालेत. कुणी तिकडे नोकरीला आहे आणि सुट्टीच्या दिवशी अँटिकच्या दुकानात फिरताना काळपट पत्र्यावरचा एखादा फोटो घेऊन येतं, कुणी इकडे पुण्यात बसून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या फायली डाउनलोड करत बसतं. फोटोत एक घोडेस्वार असतो, रुंद हॅट, हातात लांबडं काहीतरी. मग तेवढाच तुकडा कापून मोबाइलवर पाठवतात की ही कोणती बंदूक, आणि दोन मिनिटांत चार जण सांगतात "विंचेस्टर ७३" (म्हणजे १८७३ च्या मॉडेलची विंचेस्टर रायफल). ऐकलेलं नाव तेवढं एकच असतं ना, म्हणून. पुष्कळदा ती स्पेन्सर निघते, कधी स्प्रिंगफील्ड, कधी विंचेस्टरच पण वीस वर्षं नंतरची.

मी हे बरीच वर्षं करतेय आणि नवीन माणसाला एकच गोष्ट परत परत सांगते, बंदुकीचं नाव सगळ्यात शेवटी घ्यायचं. आधी फोटो ओळखायचा, मग तो उलटा आहे का ते बघायचं, मग यंत्र कसं आहे ते बघायचं आणि मग कुठे मॉडेलवर यायचं. हा क्रम सोडला की हमखास घोटाळा होतो.

लागणारं सामान

- दहा पटीचं भिंग
- फ्लॅटबेड स्कॅनर. पत्र्यावरचा छोटा फोटो असेल तर निदान १२०० डीपीआय, जमलं तर २४००
- हातमोजे, इंचांची मोजपट्टी, छोटं मॅग्नेट
- यूव्ही टॉर्च
- फोटो फिरवता येईल आणि आरशासारखा पलटता येईल असं कुठलंही साधं अ‍ॅप
- फोटोच्या मागच्या बाजूचा स्कॅन, पाकीट, चिठ्ठी, दुकानाची पावती, जे काही सोबत आलं असेल ते सगळं

शेवटची ओळ लोक सोडून देतात. मागची बाजू बघितल्याशिवाय मी तरी कुणाला उत्तर देत नाही.

१. आधी फोटो कुठल्या जातीचा ते ठरवा

मॅग्नेट फोटोच्या मागे अलगद टेकवा, घासू नका. चिकटलं तर टिनटाइप, म्हणजे काळा रंग दिलेला लोखंडी पत्रा. याचं पेटंट १८५६ चं आणि पुढे कित्येक दशकं फिरते फोटोग्राफर हेच काढून देत होते कारण स्वस्त, आणि लगेच हातात मिळायचं. आरशासारखा चमकणारा, तिरका केला की चित्र गायब होणारा असेल तर तो डॅगेरोटाइप, बहुतेक करून १८४० आणि १८५० च्या दशकांतला. काचेवर असेल तर अँब्रोटाइप, त्याच्या थोडा पुढचा.

जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला कागद असेल तर मोजपट्टी घ्या. साधारण अडीच बाय चार इंच म्हणजे कार्ट द व्हिझिट, १८६० च्या दशकात याची लाट होती. सव्वाचार बाय साडेसहा म्हणजे कॅबिनेट कार्ड, ते नंतर आलं आणि शतक संपेपर्यंत चाललं. कार्डाच्या मागे छोटा सरकारी रेव्हेन्यू स्टॅम्प दिसला तर खूश व्हा, कारण अमेरिकेत फोटोंवर हा कर १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ एवढाच काळ होता, तुमची तारीख दोन वर्षांच्या आत आली. पोस्टकार्ड असेल आणि मागची बाजू मधोमध रेघ मारून दोन भागांत असेल तर ते कार्ड १९०७ किंवा त्यानंतरचं, कारण तिकडे तशा कार्डांना परवानगीच १ मार्च १९०७ पासून मिळाली.

आता यूव्ही टॉर्च. अंधारात कागदावर मारा. निळसर पांढरा झगझगीत उजळला तर कागद १९५० च्या आसपासचा किंवा नंतरचा, कारण ती चमक आणणारी रसायनं फोटोच्या कागदात तेव्हापासून यायला लागली. मग फोटोतला माणूस कितीही धुळीत माखलेला दिसू दे, ती नंतर काढलेली प्रत तरी आहे नाही तर जत्रेतल्या स्टुडिओत भाड्याचे कपडे घालून काढलेला फोटो.

२. फोटो उलटा आहे का

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. टिनटाइप आणि डॅगेरोटाइपमध्ये वेगळी निगेटिव्ह नसते, कॅमेऱ्यातली प्लेट तीच तुमच्या हातात येते, म्हणून चित्र आरशातल्यासारखं डावं-उजवं पलटलेलं असतं. कागदावरचे फोटो निगेटिव्हवरून छापलेले, ते सहसा सरळ. सहसा म्हणते कारण टिनटाइपवरून नंतर कागदी प्रती काढलेल्या असतात आणि त्या उलट्याच राहतात.

याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे बिली द किड हा गुंड. न्यू मेक्सिकोमध्ये फोर्ट समनरला १८७९-८० च्या सुमारास काढलेला त्याचा टिनटाइप आहे, जेमतेम दोन बाय तीन इंचांचा. त्यात रिव्हॉल्व्हर डाव्या कमरेला दिसतं, म्हणून कित्येक वर्षं लोक त्याला डावखुरा समजत होते. पण शेजारी जमिनीला टेकवून धरलेली विंचेस्टर १८७३ कार्बाइन (म्हणजे आखूड नळीची रायफल) नीट बघा, काडतुसं भरायची झडप डाव्या बाजूला दिसते, आणि विंचेस्टरने ही झडप कायम उजव्या बाजूलाच दिली. म्हणजे सगळा फोटोच उलटा, माणूस उजव्या हाताचा. हा टिनटाइप २०११ मध्ये डेन्व्हरच्या लिलावात २३ लाख डॉलरला गेला.

तुम्ही हीच तपासणी अशी करायची. फोटो स्क्रीनवर फिरवा म्हणजे बंदूक आडवी होईल, ट्रिगर खाली आणि नळीचं तोंड तुमच्या उजव्या हाताला. आता जी बाजू दिसतेय ती बंदुकीची उजवी बाजू असायला हवी. तिथे विंचेस्टर असेल तर झडप दिसेल, स्प्रिंगफील्ड किंवा शार्प्स असेल तर बाहेरचा हॅमर (ट्रिगर ओढला की आपटणारा तुकडा) आणि त्याची पट्टी दिसेल. त्याऐवजी खोगिराला अडकवायची कडी दिसली तर फोटो उलटा, कारण ती कडी डाव्या बाजूला असते. नळीचं तोंड मुळातच तुमच्या डावीकडे असेल तर हेच सगळं विरुद्ध धरा.

बंदूक धूसर असेल तर कपड्यांवर जा. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते, म्हणजे सरळ फोटोत तुमच्या उजवीकडची कड वर दिसते. सैनिक असेल तर पट्ट्याच्या बकलवरची "यूएस" ही अक्षरं वाचून बघा. पण होल्स्टरवरून, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या कातडी म्यानावरून, ठरवू नका! अमेरिकन घोडदळात झाकणवालं होल्स्टर उजव्या कमरेलाच असायचं पण रिव्हॉल्व्हरची मूठ पुढच्या बाजूला तोंड करून, त्यामुळे नवीन माणसाला वाटतं की हा डावखुरा किंवा फोटो उलटा. दोन्ही नसतं, ती त्यांची पद्धतच होती.

आणि एक, मूळ स्कॅन कधीही पलटून सेव्ह करायचा नाही. पलटलेली प्रत वेगळी ठेवा आणि फाइलच्या नावात "पलटलेली" असं लिहा.

३. आधी फक्त सांगाडा बघा

मॉडेलच्या नादी न लागता चारच प्रश्न विचारा. हॅमर बाजूला आहे की मधोमध? ट्रिगरभोवती हात घालायचा लिव्हर आहे का? नळीखाली दुसरी, काडतुसं ठेवायची नळी आहे का? बोल्ट, म्हणजे हाताने मागे-पुढे सरकवायचा दांडा, आहे का?

बाजूला हॅमर, लिव्हर नाही, नळीखाली गज अडकवलेला, मागे उघडझाप होईल असं काहीच नाही, तर ती तोंडातून ठासायची बंदूक. सेंट लुईसच्या हॉकेन बंधूंच्या रायफली याच जातीच्या, पण नुसत्या फोटोवरून "हॉकेन" म्हणू नका, तशा आकाराच्या रायफली बनवणारे कारागीर ढीगभर होते.

बाजूला हॅमर, वर झाकण, लांब लाकूड, तर स्प्रिंगफील्ड. बाजूला हॅमर आणि लिव्हरही, पण नळीखाली दुसरी नळी नाही, तर शार्प्स किंवा स्पेन्सर. हॅमर मधोमध, लिव्हर आणि खाली नळी, तर विंचेस्टर किंवा मार्लिन घराणं. बोल्ट दिसला तर तुम्ही बहुतेक १८९० च्या दशकात किंवा पुढे आलात, उदाहरणार्थ १८९८ च्या क्यूबा मोहिमेतल्या रफ रायडर्स या स्वयंसेवक घोडदळाकडची क्रॅग कार्बाइन, जिच्या उजव्या अंगाला पेटीसारखा फुगवटा असतो.

४. लिव्हरवाल्या रायफली

इथे थोडं थांबूया कारण निम्म्याहून जास्त प्रश्न याच रायफलींचे असतात.

हेन्री, १८६० ची. नळीखाली लाकूड अजिबात नाही, पुढचा हात थेट धातूवर. बाजूला झडपही नाही कारण काडतुसं पुढच्या टोकाकडून भरायची. साधारण १४ हजारच बनल्या, म्हणून फोटोत खरी हेन्री सापडणं ही मोठी गोष्ट आहे.

विंचेस्टर १८६६. पितळी सांगाड्यामुळे (इथून पुढे सांगाडा म्हणजे मधला, यंत्र बसवलेला धातूचा भाग) हिला "यलो बॉय" म्हणतात. पुढे लाकूड आलं, उजव्या बाजूला झडप आली. पण पितळ म्हणजे फोटोत उजळ दिसणार असं धरून चालू नका. त्या काळच्या कलोडियन प्लेटला, म्हणजे कलोडियन नावाच्या रसायनाचा थर दिलेल्या प्लेटला, निळा प्रकाश तेवढा नीट कळायचा, पिवळा आणि लाल रंग काळपट यायचे, त्यामुळे पितळ कधी गडद दिसतं आणि ऊन चमकलं तर पांढरं फटक. पुन्हा टिनटाइपवर फोटोग्राफर लोक बटणांना, बकलला, कधी बंदुकीलाही सोनेरी रंगाचा ठिपका लावायचे, तो बघून पितळ आहे म्हणणं म्हणजे कमालच. रंग सोडा, आकार बघा.

विंचेस्टर १८७३. सांगाडा आधी लोखंडी, पुढे पोलादी, आणि माथ्यावर धूळ जाऊ नये म्हणून सरकणारं झाकण. ६६ ला हे झाकण नाही. भिंगातून माथ्याची रेघ बघा, मधेच छोटीशी पायरी आणि पट्टी दिसली तर तुम्ही ७३ कडे जाताय. या सात लाखांहून जास्त बनल्या आणि विसाव्या शतकातही बनत राहिल्या. म्हणून फोटोत ७३ दिसली की एवढंच सिद्ध होतं की फोटो १८७३ च्या आधीचा नाही. नंतरचा किती, ते बंदूक सांगणार नाही. शेतकऱ्याने बापाची रायफल तीस वर्षं वापरली असेल तर तीच फोटोत येणार ना.

विंचेस्टर १८७६ ही ७३ ची थोरली बहीण, लांब काडतुसांसाठी सांगाडा लांब आणि उंच. थिओडोर रूझवेल्टचा हरणाच्या कातड्याच्या कपड्यांतला प्रसिद्ध फोटो आहे ना, त्यात हीच आहे.

१८८६ आणि १८९२. बंदुकांचा डिझायनर ब्राउनिंग, त्याच्या डिझाइनच्या. सांगाड्याच्या मागच्या बाजूला, वरती, दोन्हीकडे उभ्या पट्ट्या बसलेल्या दिसतात. ८६ मोठी, ९२ आटोपशीर. १८९४ मध्ये या पट्ट्या बाजूने दिसत नाहीत, बाजू सपाट, आणि लिव्हर उघडला असेल तर सांगाड्याचा तळच खाली येतो. १८९५ ला तर नळीखाली नळीच नाही, ट्रिगरच्या पुढे पेटी. मार्लिन १८८९ आणि पुढच्यांचा माथा बंद असतो आणि उजव्या बाजूला रिकामं काडतूस बाहेर टाकायची खिडकी असते.

रायफल की कार्बाइन? लाकडाभोवती धातूचा पट्टा, दुसरा पट्टा नळीच्या तोंडाजवळ आणि बाजूला कडी असेल तर कार्बाइन. लाकडाच्या टोकाला धातूची टोपी असेल तर रायफल. ७३ च्या कार्बाइनची नळी २० इंची, रायफलची साधारण २४. बंदूक कॅमेऱ्याकडे तिरकी धरली की लांबी फसवते, म्हणून पट्टे आणि टोपी आधी बघा, मापं नंतर.

५. एकेक गोळीवाल्या, आणि स्पेन्सर

स्पेन्सरमध्ये काडतुसांची नळी दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडाच्या आत, सात काडतुसं. बाहेरून बघाल तर जाडजूड धातूचा मधला भाग, त्याने मागचं आणि पुढचं लाकूड तोडलेलं, बाजूला हॅमर, खाली लिव्हर. शार्प्समध्येही बाजूला हॅमर आणि लिव्हर, पण मधला भाग आखूड आणि उभट. म्हशींची, म्हणजे बायसनची शिकार करणाऱ्यांच्या शार्प्सला जाड अष्टकोनी नळी असायची.

रेमिंग्टन रोलिंग ब्लॉक ओळखायला सोपी. सांगाड्याच्या बाजूला दोन मोठ्या गोल पिनांची डोकी शेजारी शेजारी दिसतात. ती दिसली की झालं.

स्प्रिंगफील्ड १८७३ म्हणजे "ट्रॅपडोअर". घोडदळाची कार्बाइन २२ इंची नळीची, एकच पट्टा, नळीखाली गज नाही, डाव्या बाजूला दांडी आणि कडी. पायदळाची लांब, ३२ इंचांच्या वर, दोन पट्टे, खाली गज. लिटल बिगहॉर्नच्या लढाईत २५ जून १८७६ रोजी कस्टरच्या सातव्या घोडदळाकडे हीच कार्बाइन आणि कोल्ट रिव्हॉल्व्हर होतं. समोरच्या लकोटा आणि शायेन या मूळनिवासी जमातींच्या योद्ध्यांकडे काय होतं ते १९८३ च्या वणव्यानंतर झालेल्या उत्खननात कळलं, गवत जळून जमीन उघडी पडली आणि १९८४ पासून डग्लस स्कॉट, रिचर्ड फॉक्स वगैरेंनी एकेक पुंगळी नकाशावर मांडली. हेन्री, विंचेस्टर, शार्प्स, स्पेन्सर, ठासणीच्या, सगळं मिसळलेलं. त्यामुळे मूळनिवासी घोडेस्वाराचा फोटो दिसला की "यलो बॉय" असणारच असं समजू नका.

६. रिव्हॉल्व्हर

सिलिंडरच्या, म्हणजे गोळ्यांच्या फिरत्या डब्याच्या, वरून धातूची पट्टी जाते का, हा पहिला प्रश्न. पट्टी नाही आणि नळीखाली ठासायचा दांडा आहे तर जुनं कोल्ट. १८५१ नेव्हीची नळी अष्टकोनी, १८६० आर्मीची गोल. पट्टी आहे आणि नळीखाली त्रिकोणी पडदा आहे तर रेमिंग्टन. पट्टी आहे, पडदा नाही, नळीच्या उजव्या खालच्या कडेने बारीक नळी जाते, तर कोल्ट १८७३, लोक जिला "पीसमेकर" म्हणतात. सांगाड्याच्या पुढे खाली बिजागरी दिसली, म्हणजे मधून मोडून उघडणारं, तर स्मिथ अँड वेसन नंबर ३ किंवा तिच्यासारखं दुसरं.

सापळे दोन. जुनी ठासणीची कोल्ट १८७० च्या दशकात काडतुसांची करून घेतली जायची, तिला वरची पट्टी नाही पण ती ठासणीचीही नाही. आणि रेमिंग्टनने १८७५ च्या काडतुसांच्या मॉडेललाही तोच त्रिकोणी पडदा ठेवला.

होल्स्टरमध्ये नुसती मूठ दिसत असेल तर "कोल्टसारखी मूठ" एवढंच लिहा.

७. नाटक आहे का ते तपासा

स्टुडिओत बंदुका, हॅट, सगळं भाड्याने मिळायचं. वर सांगितलेला रूझवेल्टचा फोटो १८८५ चा, न्यूयॉर्कच्या स्टुडिओतला, मागचं जंगल रंगवलेलं. बंदूक खरी, जागा खोटी. एकाच स्टुडिओचे चार-पाच फोटो मिळवा आणि तीच बंदूक, तोच ओरखडा वेगवेगळ्या माणसांच्या हातात दिसतो का बघा.

१८८३ पासून बफेलो बिलचा वाइल्ड वेस्ट शो सुरू झाला, त्यातल्या कलाकारांचे फोटो आज "खरे काउबॉय" म्हणून विकले जातात. सिनेमाचे स्टिलही फिरतात. हॉलिवूडने १८७० च्या दशकातल्या कथांमध्ये सर्रास विंचेस्टर १८९२ वापरली, कधी पुढचं लाकूड काढून सोनेरी रंग देऊन तिची हेन्री केली. म्हणून "हेन्री" दिसली की सांगाड्याच्या मागे ९२ च्या त्या उभ्या पट्ट्या आहेत का बघा.

आणि घोडा बघा! त्या काळच्या ओल्या (कलोडियनच्या) प्लेटला चित्र टिपायला काही सेकंद लागायचे, घोड्याने मान हलवली की डोकं पुसट. १८८० च्या आधीची म्हणून विकलेली, चौखूर धावणाऱ्या घोड्याची अगदी रेखीव फ्रेम दिसली तर पैसे काढू नका.

तुलनेसाठी तारीख पक्की असलेले फोटो हाताशी ठेवा. ग्रेबिल या फोटोग्राफरचे डाकोटातले फोटो, १८८७ ते १८९२, लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहेत, मोठ्या फायली फुकट मिळतात. सी. एस. फ्लाय या फोटोग्राफरने मार्च १८८६ मध्ये अपाची नेता जेरोनिमो आणि त्याच्या माणसांचे प्रत्यक्ष त्यांच्या तळाजवळ काढलेले फोटो आहेत, स्टुडिओचा पडदा नाही, म्हणून मला ते फार मोलाचे वाटतात. खऱ्या बंदुका सगळ्या कोनांतून बघायला वायोमिंगमधलं कोडी फायरआर्म्स म्युझियम आहे, तिकडे राहणाऱ्यांनी जरूर जावं.

८. आपल्याकडच्या (अफगाणिस्तानलगतच्या) सरहद्दीचे फोटो असतील तर

पद्धत हीच, बंदुका वेगळ्या. पूना हॉर्स ही घोडदळाची पलटण दुसऱ्या अफगाण युद्धात होती, त्यामुळे एखाद्या घरी पणजोबांचा असा फोटो निघूही शकतो. जॉन बर्क या फोटोग्राफरचे त्या युद्धातले १८७८-८० चे फोटो तुलनेला घ्या. लांबलचक नळी आणि बाकदार दस्ता म्हणजे पठाणी जेझाइल. बाजूला हॅमर आणि उजवीकडे उघडणारं झाकण म्हणजे स्नायडर. बाहेर हॅमरच नाही आणि ट्रिगरच्या मागे लिव्हर म्हणजे मार्टिनी-हेन्री, हिला लिव्हर बघून विंचेस्टर म्हणणारे बरेच भेटतात. खैबरकडच्या कारागिरांनी या सगळ्यांच्या हुबेहूब नकला केल्या, फोटोवरून अस्सल-नक्कल सांगता येत नाही, त्यामुळे "मार्टिनी पद्धतीची" असं लिहायचं.

९. नोंद कशी लिहायची

तीन ओळी, तीन पायऱ्या. स्पष्ट दिसतंय ते, त्यावरून निघतं ते, आणि अंदाज. नमुना देते:

"टिनटाइप, चित्र उलटं (झडप डावीकडे दिसते). लिव्हर, मधोमध हॅमर, नळीखाली नळी, लाकडावर पट्टा, माथ्यावर सरकतं झाकण. विंचेस्टर १८७३ कार्बाइन, फोटो १८७३ नंतरचा. रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये, मूठ कोल्टसारखी, मॉडेल ठरवता येत नाही. मागचा पडदा रंगवलेला, बंदूक स्टुडिओची असू शकते."

माणसाचं नाव यात कुठेही आलेलं नाही, ते मुद्दाम. विकणारा "हा जेसी जेम्स" (प्रसिद्ध दरोडेखोर) म्हणाला तरी ते वेगळ्या ओळीत, "विक्रेत्याचं म्हणणं" असं लिहून ठेवा, आणि सोबतची पावती त्याच पाकिटात.